पहिली एअर रायफल: स्प्रिंगची घ्यावी की भरलेल्या हवेची, आणि तिच्यावर कोणता स्कोप

पहिली रायफल घेणाऱ्याची निवड फिरून फिरून दोन प्रकारांवर येते. एक बॅरल (नळी) खाली दुमडून कॉक करायची, म्हणजे आतली स्प्रिंग दाबून अडकवायची, स्प्रिंग रायफल, दुसरी आधी भरून ठेवलेल्या हवेवर चालणारी पीसीपी. कॅलिबर, वजन, वेग हे आकडे खोक्यावर छापलेले असतातच, ते इथे पुन्हा देत नाही. दोन्ही प्रकार वापरून मी एक बाजू धरली आहे. ती कोणती हे पुढे कळेलच, पण दुसऱ्या बाजूलाही तिचं माप पुरतं द्यायचा प्रयत्न करतो.

१० मीटरच्या एअर रायफल स्पर्धेत उतरायचं असेल तर स्कोपचा, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीचा, विचार आत्ताच सोडून द्या. तिथे स्कोप चालत नाही, पीप साइट (बारीक भोकातून बघायची साइट) लागते, आणि त्या साइटवरच दहा गुणांचा ०.५ मिलिमीटरचा ठिपका साधायचा असतो. पुढचं सगळं १० ते ५० मीटरवर कागदावर किंवा पत्र्याच्या पाटीवर स्कोप लावून सराव करणाऱ्यासाठी आहे.

स्प्रिंग रायफलीचं मोठं सुख म्हणजे तिला दुसरं काही लागत नाही. पंप नाही, सिलिंडर नाही, दाब दाखवणारं गेज नाही. बॅरल दुमडली, पेलेट (छोटी गोळी) घातलं, बंद केली, झाडली. प्रत्येक वेळी तीच स्प्रिंग तेवढीच दाबली जाते, त्यामुळे वेगात फारसा चढउतार नसतो. नीट ठेवली तर वर्षानुवर्षं चालते, आणि स्प्रिंग व पिस्टनचं सील बदललं की पुन्हा नव्यासारखी होते. फक्त ताकदीच्या मागे लागू नका. जोरदार स्प्रिंग कॉक करायला १५ ते २० किलोचा जोर लागतो. साठ पेलेट झाडेपर्यंत हात थरथरू लागतो आणि मग नेम शिकण्याऐवजी दम लागतो. जाहिरातीतला मोठा वेग बहुधा हलक्या मिश्रधातूच्या पेलेटवर मोजलेला असतो. शिवाय पेलेट आवाजाच्या वेगाजवळ, म्हणजे सुमारे ३४० मीटर प्रति सेकंदाला भिडलं की ते डगमगतं. वाइहराउख एचडब्ल्यू ३० एस सारखी कमी ताकदीची, चांगल्या ट्रिगरची रायफल नवशिक्याला त्या दांडग्या रायफलींपेक्षा जास्त शिकवते. कॉक करून पेलेट घालत असताना बॅरल दुसऱ्या हाताने घट्ट धरूनच ठेवा. आतला खटका सुटला तर बॅरल झटक्यात वर येते आणि बोटं मोडतात. पेलेट न घालता स्प्रिंग रायफल कधीही झाडू नका. पिस्टनपुढे हवेची गादी तयार होत नाही आणि तो थेट आपटतो.

आता मला जे खटकतं त्याकडे येतो. ट्रिगर ओढल्यावर जड पिस्टन पुढे धावतो, त्यामुळे रायफल मागे येते. मग पिस्टन दाबलेल्या हवेवर अडतो आणि रायफल पुढे उसळते. हे दोन्ही धक्के काही मिलिसेकंदांत होतात आणि त्यातल्या बऱ्याच काळात पेलेट अजून बॅरलमध्येच असतं. म्हणजे रायफल हलत असताना पेलेट बाहेर पडतं, आणि ती किती व कुठे हलली हे तुमच्या पकडीवर ठरतं. पुढचा हात दोन-तीन सेंटीमीटर सरकला, खांद्यावर दाब वाढला, रायफल तळव्याऐवजी कडक उशीवर टेकवली, की ग्रुप (लागोपाठ झाडलेल्या पेलेटांच्या भोकांचा पुंजका) दुसरीकडे जातो. उपाय ठाऊक आहे: तळवा उघडा ठेवायचा, रायफल तोल सांभाळेल अशा जागी त्यावर नुसती विसावू द्यायची, बोटांनी आवळायची नाही, आणि दर वेळी तीच जागा. हा उपाय खरा आहे, पण तो जमायला महिने लागतात.

त्यावर स्कोप बसवला की दुखणं दुप्पट होतं. रायफल पुढे उसळते तेव्हा स्कोप जडत्वाने जागीच राहू पाहतो, म्हणजे रेलवर (रायफलीवरच्या स्कोप बसवायच्या पट्टीवर) मागे सरकतो. हा धक्का दारूच्या बंदुकीच्या धक्क्याच्या उलट दिशेचा असतो. फक्त बंदुकीसाठी बांधलेल्या स्कोपची भिंगं तो सोसायला केलेली नसतात, म्हणून रेटिकल (स्कोपमधली नेमाची क्रॉस खूण) तुटते, फिरते किंवा आतली भिंगं ढिली होतात. स्प्रिंग रायफलीसाठी चालेल असं बनवणाऱ्याने स्पष्ट लिहिलेलाच स्कोप घ्या. माउंट (स्कोप रेलवर धरणारी पकड) एकसंध घ्या, त्याच्या पोटात स्टॉप पिन असावी आणि ती रेलवरच्या छिद्रात उतरलेली असावी. नुसते स्क्रू आवळून स्कोप थांबत नाही. उलट जास्त आवळले तर ११ मिलिमीटरच्या रेलची धार खरवडली जाते आणि स्कोपच्या नळीवर वळ उठतात.

आणखी दोन गोष्टी लपून काम बिघडवतात. एक म्हणजे स्टॉकचे स्क्रू. पुढच्या भागातले दोन आणि ट्रिगर गार्डपाशी असलेले. ते धक्क्यांनी हळूहळू सुटतात, म्हणून दर शंभर-दोनशे पेलेटांनंतर तपासावे लागतात. दुसरी म्हणजे बॅरलचा झुकाव. दुमडणाऱ्या बॅरलची नळी अनेकदा किंचित खाली झुकलेली असते. मग पेलेट वर आणायला वरचा टरेट (नेम सरकवायची स्कोपवरची फिरकी) जवळजवळ शेवटपर्यंत फिरवावा लागतो, स्कोपच्या आतली स्प्रिंग सैल पडते आणि झिरो (ठरवलेल्या अंतरावर नेम धरला तिथेच पेलेट पडावं अशी बसवणी) तरंगू लागतो. यावर मागून थोडा उंच असलेला माउंट मिळतो, तोच वापरावा.

खरी अडचण अशी की पकड बदलली, स्कोप सरकला, स्क्रू सुटला किंवा टरेट तरंगला, कागदावर चारही गोष्टींची खूण एकच: काल मधोमध पडणारा ग्रुप आज डावीकडे खाली. नवशिका काय करतो? टरेट फिरवतो. दुसऱ्या दिवशी पकड पूर्ववत होते आणि ग्रुप उजवीकडे वर जातो. तो पुन्हा फिरवतो. असे पेलेटचे डबे संपतात आणि शेवटी चूक आपली की रायफलीची हेच कळत नाही. शिकणाऱ्याला पहिल्या वर्षी नेमकं हेच कळायला हवं. माझ्यापुरता निर्णय इथेच झाला.

तरीही स्प्रिंग रायफलच घेणार असाल तर ग्रुप हलल्यावर टरेटला हात लावण्याआधी हा क्रम पाळा. माउंटच्या मागच्या कडेला रेलवर पेन्सिलीची बारीक रेघ आधीच ओढून ठेवा. रेघ आणि माउंट यांच्यात फट दिसली तर स्कोप सरकला आहे. फट नसेल तर स्टॉकचे स्क्रू. तेही घट्ट असतील तर पकड तीच ठेवून पाच-पाच पेलेटांचे तीन ग्रुप. तिन्ही एकाच जागी पडले तरच टरेट फिरवा.

पीसीपीत यातलं बहुतेक काहीच नसतं. झडप क्षणभर उघडते, हवा पेलेटला ढकलते, रायफल जवळजवळ हलत नाही. उशीवर टेका, हातात धरा, ग्रुप साधारण तिथेच राहतो. स्कोप कुठलाही चालतो आणि सरकत नाही. कागदावर पेलेट बाजूला गेलं तर बहुधा तुम्ही ट्रिगर झटकलेला असतो किंवा श्वास चुकलेला असतो, आणि ते त्याच क्षणी समजतं.

फुकट मात्र काही मिळत नाही. हवा भरावी लागते. हातपंप असेल तर लहान सिलिंडर १२० वरून २०० बारवर (बार हे दाबाचं माप) न्यायला शंभराच्या आसपास स्ट्रोक मारावे लागतात, आणि शेवटचे वीस अंगाचा भार टाकूनच उतरतात. हे कष्ट नवे नाहीत. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यात आलेली गिरार्डोनी रायफलही भरलेल्या हवेवर चालायची आणि तिची टाकी भरायला सुमारे दीड हजार स्ट्रोक लागत असं सांगतात. पंप सलग मारू नका. पन्नासएक स्ट्रोक झाले की थांबा, तो थंड होऊ द्या, तळाचा स्क्रू उघडून दाब सोडा म्हणजे साचलेलं पाणी बाहेर पडेल. तेच पाणी रायफलीत गेलं तर झडप आतून गंजते. ओ-रिंगना (हवा अडवणाऱ्या रबरी कड्यांना) फक्त सिलिकॉन ग्रीस लावा. खनिज तेलाचा थेंबसुद्धा दाबाच्या हवेत जाऊ देऊ नका, तो पेट घेऊन स्फोट होऊ शकतो.

रेग्युलेटर (झडपेकडे जाणारा दाब कायम ठेवणारा भाग) नसलेल्या पीसीपीत आणखी एक पाहावं लागतं. दाब फार जास्त असला तर झडप पुरती उघडत नाही आणि पहिली काही पेलेट हळू जातात. मधल्या टप्प्यात वेग स्थिर राहतो, शेवटी पुन्हा पडतो. हा टप्पा शोधायला यंत्र लागत नाही. २५ मीटरवर कागदावर ओळीने ठिपके काढा, प्रत्येक ठिपक्यावर एकच पेलेट झाडा आणि बाजूला गेजवरचा दाब लिहा. भोकं ज्या दाबापासून एका रेषेत येतात तिथपर्यंतच भरा, आणि जिथे घसरू लागतात तिथे थांबून पुन्हा भरा. १८० ते १२० बारमध्येच तुमची रायफल सरळ चालत असेल तर २०० पर्यंत भरण्यात अर्थ नाही. बोल्ट (पेलेट आत ढकलणारा दांडा) दोनदा मागे ओढून दोन पेलेट आत ढकलणं ही पीसीपीतली नेहमीची चूक. शंका आली तर सुरक्षित दिशेला झाडून रिकामी करा.

तरीही माझं पारडं पीसीपीकडे झुकतं. तिचं दुखणं बहुतेक गेजवर दिसतं, नेम धरायच्या आधी. स्प्रिंगचं दुखणं कागदावर उमटतं, तेही तुमच्या चुकीचं रूप घेऊन.

रायफल कुठलीही घ्या, स्कोपमध्ये पॅरालॅक्स (डोळा हलला की क्रॉस लक्ष्यावरून सरकल्यासारखा दिसणं) आधी बघा, मोठेपणा (चित्र किती पट मोठं दिसतं) नंतर. बरेच साधे स्कोप १०० मीटरच्या आसपास पॅरालॅक्स बसवून येतात. असा ४० मिलिमीटर भिंगाचा स्कोप १० मीटरवर वापरला तर डोळा मध्यावरून अगदी कडेला गेल्यास नेम १८ मिलिमीटरपर्यंत चुकू शकतो: भिंगाचा अर्धा व्यास २० मिलिमीटर, गुणिले अंतरातला फरक ९०, भागिले १००. त्यात चित्रही धूसर दिसतं. म्हणून पुढच्या भिंगावर किंवा बाजूला फोकसची कडी असलेला आणि ती १० मीटरपर्यंत खाली येणारा स्कोप घ्या. पाहायचं असं: रायफल उशांत घट्ट बसवा, हात न लावता डोकं किंचित वरखाली करा. क्रॉस लक्ष्यावर सरकत असेल तर कडी फिरवा. कुठेही फिरवून तो सरकणं थांबत नसेल तर स्कोप परत करा. मोठेपणा ३ ते ९ किंवा ४ ते १२ पट पुरतो. त्यापुढे फक्त स्वतःच्या नाडीचे ठोके दिसतात.

टरेट ०.१ मिलचा असेल, म्हणजे दर क्लिकला नेम अंतराच्या दहा हजाराव्या भागाने सरकत असेल, तर हिशोब सोपा पडतो: १० मीटरवर एक क्लिक म्हणजे १ मिलिमीटर, २५ वर अडीच. बसवताना डोळा आणि स्कोप यांत साधारण ७५ ते १०० मिलिमीटर अंतर ठेवा आणि रिंगचे स्क्रू आलटून पालटून, साधारण २ न्यूटन-मीटरने आवळा. आधी १० मीटरवर पाच पेलेटांचा ग्रुप काढून तो कागदावर आणा, मग २५ मीटरवर झिरो करा. नंतर १० वर परत आलात तर पेलेट साधारण सेंटीमीटरभर खाली पडेल. ते बरोबरच आहे, कारण स्कोप नळीच्या चार-साडेचार सेंटीमीटर वर बसलेला असतो. पेलेटची चार वेगळी वजनं आणून पाहा. एकाच रायफलीत त्यांचे ग्रुप दुप्पट लहानमोठे येऊ शकतात.

नुसता हात मोकळा करायचा असणाऱ्याने, म्हणजे कधीतरी पाटीवर दहा-वीस पेलेट झाडायला रायफल हवी असणाऱ्याने, कमी ताकदीची स्प्रिंग खुशाल घ्यावी. तिला पंपाची कटकट नाही. दर आठवड्याला कागदावर सराव करणाऱ्याने मात्र पंपासकट पीसीपीचाच विचार करावा असं मला वाटतं. परवाना आणि ताकदीची मर्यादा जागोजागी वेगळी असते, ती आधी बघून घ्या. डोळ्यांवर चष्मा आणि लक्ष्यामागे पेलेट अडवणारी भरीव आड दोन्हीकडे लागतेच.

पीसीपी जुनी मिळत असेल तर घेण्याआधी संध्याकाळी कामाच्या दाबापर्यंत भरायला सांगा, तासाभराने हवा थंड झाल्यावर गेजवरचा काटा लिहून ठेवा आणि सकाळी त्याच खोलीत पुन्हा बघा. काटा खाली उतरला असेल तर बहुधा एखादी ओ-रिंग गेलेली आहे. ती बदलून द्यायला मालक तयार आहे का, ते तिथेच विचारा.