शेव्हेलच्या टीएच३५० जागी काय बसवावं: २००-४आर की ७००आर४?

१९६९ ते ७२ च्या शेव्हरोले शेव्हेलमध्ये तीन गिअरचा टीएच३५० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल, तर हायवेवर इंजिन सतत ओरडत राहतं. मागच्या एक्सलचं गुणोत्तर ३.७३ आणि टायर २६ इंची धरला, तर ताशी ६० मैलांना सुमारे २९०० आरपीएम. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा चौथा गिअर, मिळाला की तेच २००० च्या आसपास उतरतं. त्यासाठी जनरल मोटर्सचेच दोन ऑटोमॅटिक आहेत आणि दोन्ही कॉम्प्युटरशिवाय चालतात: १९८१ मध्ये आलेला २००-४आर आणि १९८२ मध्ये आलेला ७००आर४.

आधी गाडीखाली वाकून आत्ता काय बसवलेलं आहे ते बघा. पन्नास वर्षांत कुणी काय बदललं, त्याचा नेम नाही. गिअरबॉक्सच्या तळाला असलेल्या तेलाच्या पॅनचे बोल्ट मोजा. १३ बोल्ट आणि चौकोनी पॅनचा एक कोपरा कापलेला, तो टीएच३५०. बोल्ट १३ च, पण पॅन वेडावाकडा, तो टीएच४००. १४ असतील तर पॉवरग्लाइड. भंगारात शोधायला गेलात की मात्र ही मोजणी पुरत नाही, कारण आपल्या दोन्ही उमेदवारांना १६-१६ बोल्ट आहेत. तिथे माउंटची, म्हणजे गिअरबॉक्स ज्यावर टेकतो त्या आधाराची, जागा पाहा. २००-४आर मध्ये माउंट अगदी शेपटाजवळ असतं, ७००आर४ मध्ये बरंच पुढे.

आता बसवण्याचा हिशेब. सहा इंची शेपटाचा टीएच३५० सुमारे २७.७ इंच लांब, आणि २००-४आर जवळपास तेवढाच. दोघांचं योक, म्हणजे मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या ड्राइव्हशाफ्टचं गिअरबॉक्समध्ये शिरणारं टोक, २७ स्प्लाइनचं (खाचांचं), त्यामुळे ड्राइव्हशाफ्टला हात लावावा लागत नाही. माउंट मात्र इंजिनच्या बाजूने २७ इंचांवर जातं, टीएच३५० चं २०.४ इंचांवर होतं. म्हणजे क्रॉसमेंबर (माउंट पेलणारी आडवी पट्टी) साडेसहा इंच मागे सरकवायचा. टीएच४०० चं माउंटही साधारण तिथेच असतं, त्यामुळे गाडी मुळात टीएच४०० ची असेल तर हे काम वाचतं. पण तिचं योक ३२ स्प्लाइनचं, ते बदलावं लागेल. ७००आर४ ची लांबी ३०.७५ इंच. त्याला क्रॉसमेंबर दोनच इंच सरकतो, पण ड्राइव्हशाफ्ट सुमारे तीन इंच कापून पुन्हा बॅलन्स करून घ्यावा लागतो.

इंजिन पॉन्टियॅक, ओल्ड्समोबिल किंवा ब्यूकचं असेल तर फार विचार करू नका. बहुतेक २००-४आर च्या बेलहाउसिंगवर (इंजिनला जोडणाऱ्या पुढच्या कवचावर) शेव्हरोले आणि या तिन्ही, अशा दोन्ही मांडण्यांची भोकं असतात. ७००आर४ ला अॅडॉप्टर प्लेट लागते. स्वस्तात मिळणाऱ्या ७००आर४ मध्ये आणखी दोन सापळे आहेत. २.८ लिटर व्ही६ मागचा असेल तर त्याची बेलहाउसिंग व्ही८ ला बसतच नाही. चौथ्या पिढीच्या कॉर्व्हेटमधला असेल तर शेपूट वेगळं, नेहमीचं माउंट त्याला नसतं.

शेव्हरोले इंजिन असेल तर निकाल मागच्या एक्सलवर लागतो. ७००आर४ चा पहिला गिअर ३.०६, दुसरा १.६३, चौथा ०.७०. २००-४आर चे हेच आकडे २.७४, १.५७ आणि ०.६७. एक्सल ३.०८ असेल तर ७००आर४ घ्या: ३.०६ गुणिले ३.०८ म्हणजे ९.४, आणि ३.७३ एक्सलवर टीएच३५० चा २.५२ चा पहिला गिअरही तेवढाच जोर देतो. एक्सल न उघडता सिग्नलवरून गाडी तशी सुटेल. पण एक्सल आधीच ३.५५ किंवा ३.७३ असेल तर ७००आर४ चा पहिला गिअर सुरू होतो न होतो तोच संपतो. ५००० आरपीएमला दुसरा पडला की इंजिन २६६० वर कोसळतं. २००-४आर मध्ये २८६० च्या पुढे राहतं. अशा गाडीला २००-४आर च शोभतो.

मजबुतीचे वाद पुष्कळ झडतात. ७००आर४ घेताना १९८७ नंतरचा बघा. बेलहाउसिंगमधून इनपुट शाफ्टच्या स्प्लाइन मोजा: २७ म्हणजे १९८२-८४ चा कच्चा माल, ३० हव्यात. साधा २००-४आर तगड्या इंजिनापुढे टिकत नाही. १९८६-८७ च्या ब्यूक ग्रँड नॅशनलचा, बीआरएफ कोडचा, मिळाला तर भाग्य. नाहीतर आधी उघडून नीट बांधून घ्या.

दोघांचाही जीव टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबलमध्ये. ही नुसती किकडाउनची (पेडल जोरात दाबल्यावर खालचा गिअर पाडणारी) तार नव्हे, थ्रॉटलप्रमाणे आतला तेलाचा दाबच ती ठरवते. ती ढिली राहिली की गाडी लवकर आणि मऊपणे गिअर बदलते, चालवणारा खूश होतो, आणि तेवढ्यात ७००आर४ च्या तिसऱ्या-चौथ्याच्या क्लच प्लेटा जळालेल्या असतात. या गिअरबॉक्सांसोबत आलेला क्वाड्राजेट कार्ब्युरेटर असेल तर केबल बरोबर ओढली जाते. होली किंवा एडलब्रॉक कंपनीचा असेल तर केबलची ओढ दुरुस्त करणारं ब्रॅकेट घ्याच. इंजिन बंद ठेवून केबलचं बटण दाबा, सरकपट्टी कार्ब्युरेटरपासून दूर पूर्ण मागे ढकला, बटण सोडा आणि कार्ब्युरेटरचा थ्रॉटल हाताने पूर्ण उघडा. कटकट करत ती आपोआप जागेवर येते. लॉकअपलाही (कन्व्हर्टर आतून घट्ट जोडणाऱ्या क्लचलाही) १२ व्होल्टची वायर द्या, नाहीतर कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधला तेलाचा जोड, हायवेवर तेल तापवत राहील.

बसवताना कन्व्हर्टर फिरवत-दाबत टप्प्याटप्प्याने पूर्ण आत जाऊ द्या. बेलहाउसिंग इंजिनला टेकवून बोल्ट कसल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनच्या मागच्या चकतीपासून) १/८ ते ३/१६ इंच मागे असला पाहिजे. फट राहिली म्हणून बेलहाउसिंग बोल्टांनी ओढून घेतलीत, तर इंजिन चालू करण्याआधीच पंप फुटतो.