वर सोनं, आत पितळ : कनेक्टरच्या टंचाईत होणारी फसवणूक

विजेच्या तारा जोडणाऱ्या कनेक्टरचा लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल मिळेपर्यंतचा काळ) वाढला की ब्रोकरांची चांदी होते. २०२१ मध्ये जगभर तेच झालं. अधिकृत वितरक महिनोन्महिने पुढची तारीख देत होते, लाइन बंद पडायची वेळ आलेली, आणि नेमका हवा तो पार्ट नंबर 'रेडी स्टॉक'मध्ये असल्याचा ईमेल यायचा. सोनं ऑगस्ट २०२० मध्येच औंसाला २,००० डॉलर ओलांडून गेलं होतं. मे २०२१ मध्ये तांबंही टनाला १०,००० डॉलरच्या पुढे गेलं. धातू महागला की नकली मालात पहिली काटछाट होते ती प्लेटिंगमध्ये, म्हणजे वरच्या मुलाम्यात, कारण ती डोळ्यांना दिसत नाही.

सौद्याची रीत ठरलेली असते. आधी ५० नगांचं सॅम्पल येतं. ते अस्सल असतं, कितीही चाचण्या लावा, पास होणारच. मग २०,००० नगांची ऑर्डर. ३० टक्के आगाऊ, उरलेले ७० टक्के बिल ऑफ लेडिंगची (माल जहाजावर चढल्याच्या पावतीची) प्रत आली की. म्हणजे पेटी उघडण्याआधीच सगळे पैसे गेलेले. लेटर ऑफ क्रेडिट (बँकेची पैसे देण्याची हमी) उघडलंय म्हणून निर्धास्त राहू नका. यूसीपी ६०० या त्याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बँक कागदपत्रं तपासते, माल नाही. आणि माल ठरल्याप्रमाणे असल्याचं खोटं कन्फर्मिटी सर्टिफिकेट छापायला कितीसा वेळ लागतो?

पेटीत वरच्या दोन रील (कॉन्टॅक्टच्या, म्हणजे वीज नेणाऱ्या धातूच्या पिनांच्या गुंडाळ्या) अस्सल, खालच्या नकली. लेबलवर बोट फिरवा, कधी कधी चोरी तिथेच सापडते: जुन्या लेबलावर नवं चिकटवलेलं असतं. हा प्रकार सगळ्यात साळसूद. माल मूळ कंपनीचाच, पण पातळ सोन्याचा स्वस्त प्रकार जाड सोन्याचा म्हणून खपवलेला. पार्ट नंबरमधला प्लेटिंगचा कोड तेवढा बदलतात.

चांगल्या कॉन्टॅक्टवर सोन्याचा थर ०.७६ मायक्रॉन आणि त्याखाली साधारण १.२५ मायक्रॉन निकेल असतं. नकली मालात सोनं ०.०५ ते ०.१ मायक्रॉन, निकेल बऱ्याचदा नाहीच. रंग तोच दिसतो. पण निकेल नसलं की खालचं तांबं आणि जस्त सोन्यातून वर झिरपतं, ऑक्साइड धरतं, आणि संपर्करोध (जोडणीच्या जागी विजेला होणारा अडथळा) चढत जातो. ३० अँपिअरला ०.५ मिलिओम म्हणजे ०.४५ वॉट उष्णता. तोच रोध ५ मिलिओम झाला की ४.५ वॉट. त्यात कॉन्टॅक्ट फॉस्फर ब्राँझऐवजी पितळेचा असेल तर तापल्यावर त्याची स्प्रिंग सैल पडते, दाब कमी होतो, रोध आणखी वाढतो. शेवटी हाउसिंग, म्हणजे प्लास्टिकचं कवच, वितळतं. हे सगळं काही महिन्यांनी, ग्राहकाच्या मशीनमध्ये. माल आल्यावरच्या इनवर्ड तपासणीत काहीच दिसलेलं नसतं.

म्हणून ७० टक्के देण्याआधी, माल निघतानाच, स्वतः नेमलेल्या लॅबकडून प्रत्येक रीलमधले पाच-दहा कॉन्टॅक्ट एक्सआरएफवर (क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या यंत्रावर) तपासून घ्या. नमुने रीलच्या सुरुवातीचे नकोत, मधले काढायला सांगा. एक्सआरएफ थराची जाडी सांगतं आणि मूळ धातूही: कथिल दिसलं तर फॉस्फर ब्राँझ, जस्त दिसलं तर पितळ. चुंबकावर फार विसंबू नका. निकेलमुळे अस्सल कॉन्टॅक्टही हलकासा ओढला जातो. जोरात चिकटला तर मात्र आत लोखंड आहे. १.५ चौ. मिमी वायर कॉन्टॅक्टमध्ये क्रिम्प करून (दाबून बसवून) ओढा. १५० न्यूटनच्या आत सुटली तर आधी क्रिम्पिंगचं टूल आणि डाय तपासा. ते बरोबर असतील तर दोष मालात. हाउसिंगच्या तुकड्याला दहा सेकंद ज्योत लावा. आगरोधाच्या व्ही-० दर्जाचा माल ज्योत काढल्यावर दहा सेकंदांत विझायला हवा.

ऐन वेळी 'आमचं बँक खातं बदललंय' असा ईमेल आला तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करूनच पैसे पाठवा.

नकली निघालेला माल विक्रेत्याला परत पाठवू नका. तोच पुढे दुसऱ्याला विकला जातो. रील सील करून ठेवा, लेबलांचे फोटो काढा, मूळ उत्पादकाकडून लेखी खातरजमा मागवा. ब्रोकरच्या अटींत तक्रारीची मुदत बहुधा अगदी थोडी असते, तेव्हा हे सगळं माल उतरल्याच्या आठवड्यातच उरकायला हवं.