कमांड लाइनवरचं एआय कोडिंग टूल: नाइटली घ्यायचं की स्टेबल?

टर्मिनलमध्ये चालणारं ओपन सोर्स एआय कोडिंग टूल वापरणाऱ्या तिघा-चौघांनी गेल्या महिनाभरात मला हाच प्रश्न विचारला, की नवीन फीचर्स रोज येतायत तर नाइटलीवर (रोज रात्री बनणारी ताजी आवृत्ती) राहू का, की आपलं स्टेबल (थोडं वापरून बघून सोडलेली आवृत्ती) बरं? मी साधारण सात महिने नाइटली वापरलं आणि आता चारेक महिने स्टेबलवर आहे, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार माहितीय. टूल काय करतं ते एका ओळीत: तुम्ही सांगाल तसा कोड लिहितं, फाइल्स बदलतं आणि परवानगी घेऊन कमांड चालवतं.

आधी एक गोष्ट, नाइटली म्हणजे रोज काहीतरी मोडलेलं असणार असा जो समज असतो तो माझ्या अनुभवात तरी खरा निघाला नाही. सात महिन्यांत टूल सुरूच झालं नाही असं दोनदा झालं, आणि दोन्ही वेळा आदल्या दिवशीचा बिल्ड (तयार केलेली आवृत्ती) टाकला की काम सुरू. या प्रोजेक्टांवर ऑटोमेटेड टेस्ट भरपूर असतात, मेन ब्रँचमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या मुख्य कोडमध्ये, उगाच काही मर्ज होत नाही (मिसळलं जात नाही). त्यामुळे क्रॅशच्या भीतीनं नाइटली टाळत असाल तर ते कारण मला फारसं पटत नाही.

आणि नाइटलीचं सुख खरंच आहे. मला एकदा लांबलचक एरर लॉग पेस्ट केला की टर्मिनल गोठायचं, तो बग मेन ब्रँचवर दोन दिवसांत सुटला, मला तिसऱ्या दिवशी मिळाला, आणि स्टेबलवरचे मित्र त्यानंतर दीड आठवडा लॉग फाइलमध्ये टाकून तिचा पाथ देत बसले होते. एमसीपीचंही (टूलला बाहेरच्या सेवा जोडायचा प्रोटोकॉल) तसंच. तो प्रोटोकॉल नोव्हेंबर 2024 मध्ये आला, मार्च 2025 च्या आवृत्तीत त्यातली संदेश पाठवायची जुनी पद्धत (एसएसई) बाजूला पडून नवी (स्ट्रीमेबल एचटीटीपी) आली, जूनमध्ये पुन्हा नवी आवृत्ती. तुमचा एमसीपी सर्व्हर नव्या पद्धतीनं बोलत असेल आणि टूल जुनं असेल तर दोघांचं जमतच नाही, अशा वेळी पुढच्या आठवड्याची वाट बघणं जिवावर येतं. आणि तुम्ही स्वतः पॅच (कोडमधली दुरुस्ती) पाठवत असाल, बग नोंदवत असाल तर मग प्रश्नच नाही, नाइटलीच हवं, कारण मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारे) पहिल्यांदा हेच विचारतात की ताज्या बिल्डवर होतंय का.

आता मधला पर्याय. गूगलच्या जेमिनी सीएलआयसारख्या टूलला तीन वाटा आहेत, रोज मध्यरात्री यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेनुसार) नाइटली, दर मंगळवारी प्रिव्ह्यू, आणि दर मंगळवारीच स्टेबल, जे म्हणजे गेल्या आठवड्याचं प्रिव्ह्यू अधिक काही दुरुस्त्या. म्हणजे स्टेबल हे काही वर्षभर मुरवलेलं नसतं, आठवडाभर लोकांच्या हातात फिरलेलं असतं इतकंच. प्रिव्ह्यू मी तीन आठवडे वापरून बघितलं, वाईट काहीच नाही, पण मला त्यात ना नाइटलीची घाई मिळाली ना स्टेबलची शांतता. सोडून दिलं.

सगळीकडे इतकी नीट व्यवस्था नसते. एडर या अशाच दुसऱ्या टूलमध्ये मेन ब्रँच इन्स्टॉल करायला कमांडला जोडायचा वेगळा फ्लॅग आहे, नाहीतर मग पिपवर (पायथनची पॅकेजं जिथून घेतात तिथे) येईल तेव्हा. आणि या टूल्सच्या आवृत्तीचे आकडे बघा, बरीचशी अजून शून्यानंच सुरू होतात. सेमँटिक व्हर्जनिंगच्या (आवृत्त्यांना आकडे द्यायच्या पद्धतीच्या) नियमात स्पष्ट लिहिलंय की शून्याच्या मालिकेत कधीही काहीही बदलू शकतं. ओपनएआयचं कोडेक्स सीएलआय एप्रिल 2025 मध्ये आलं तेव्हा टाइपस्क्रिप्ट भाषेत होतं, पुढे त्याच नावाखाली अख्खं रस्टमध्ये नव्यानं लिहिलं गेलं. हे चांगलं की वाईट हा मुद्दा नाही, पण ही टूल्स अजून आकार घेतायत हे धरूनच निवडायला हवं.

आता ज्यामुळे मी नाइटली सोडलं ते. टूलचं नाव घेत नाही, कारण हे कुठल्याही टूलवर होऊ शकतं.

शेल कमांड (टर्मिनलमध्ये द्यायची आज्ञा) चालवायच्या आधी टूल परवानगी विचारतं. मेनूत तीन ओळी होत्या: एकदाच चालू दे, या सेशनमध्ये नेहमी चालू दे, नको. आणि नको म्हणायचं असलं की मी दोनदा खालचा बाण दाबून एंटर मारायचो. महिनोन् महिने तेच केल्यावर ते इतकं अंगवळणी पडलं होतं की मी ओळी वाचायचोच नाही, नजर वरच्या कमांडवर असायची, जी वाचायला हवी तीच. एका संध्याकाळी तारखांच्या मॉड्यूलचं रिफॅक्टरिंग (काम तेच ठेवून कोड नीटनेटका करणं) चाललं होतं. दोन टेस्ट लाल होत्या, आणि टूलनं मला विचारलं की स्नॅपशॉट (टेस्टसाठी साठवलेली अपेक्षित उत्तरं) अपडेट करून टेस्ट पुन्हा चालवू का. मी कमांड वाचली, मनात म्हटलं अजिबात नको, आधी का फेल होतायत ते बघू, आणि खाली, खाली, एंटर.

त्या दिवशीच्या बिल्डमध्ये मेनूत एक ओळ वाढली होती. तिसरी ओळ आता 'नको' नव्हती, 'या प्रोजेक्टसाठी कायम चालू दे' अशी होती, नको चौथ्या ओळीवर गेलं होतं.

कमांड सर्रकन चालली, टेस्ट हिरव्या झाल्या, आणि मला त्या क्षणी वाटलं की मी नको म्हटल्यावर टूलनं दुसरा मार्ग काढून कोड दुरुस्त केला. दोन टेस्ट हिरव्या झाल्या होत्या कारण अपेक्षित उत्तरंच नवीन चुकीच्या उत्तरांनी बदलली गेली होती. पुढे त्या सेशनमध्ये अजून काही बदल केले, प्रत्येक वेळी टूलनं स्नॅपशॉट अपडेट केले, आता विचारायचीही गरज नव्हती ना, परवानगी कायमची होती. दोन दिवसांनी रिव्ह्यू करणाऱ्या सहकाऱ्यानं विचारलं की 31 स्नॅपशॉट फाइल्स का बदलल्यात, आणि एका फाइलमध्ये महिन्याची शेवटची तारीख एक दिवस मागे का गेलीय. मी डिफ (काय काय बदललं ते) उघडला आणि पोटात गोळाच आला. मर्ज झालं नव्हतं, गिट (कोडच्या जुन्या अवस्था जपणारं टूल) होतं, फोल्डर जुन्या कमिटवर (जपलेल्या अवस्थेवर) नेलं, एक अख्खी दुपार गेली पण निभावलं.

चूक कोणाची हे मी बराच विचार करून बघितलं. बदल चांगला होता, प्रोजेक्टपुरती परवानगी लक्षात ठेवायची मागणी लोकच करत होते. पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मर्ज करायच्या विनंतीत) स्क्रीनशॉटसकट सगळं लिहिलेलं होतं. पण नाइटलीच्या नोट्स म्हणजे मर्ज झालेल्या पुल रिक्वेस्टांच्या शीर्षकांची आपोआप बनलेली यादी असते, एका दिवसात पंधरा-वीस ओळी, त्यातली एक ओळ तुमच्या बोटांच्या सवयीला धक्का देणारी आहे हे शीर्षकावरून कळत नाही. शिवाय टूल मागच्या मागे स्वतःच अपडेट होतं, सकाळी उघडलं ते काल बंद केलेलं राहिलेलंच नसतं.

कोणी म्हणेल, हा बदल स्टेबलमध्येही आलाच असता. आला ना, पुढच्या आठवड्यात आला. पण स्टेबलच्या नोट्समध्ये तो वेगळ्या परिच्छेदात, स्क्रीनशॉटसकट होता, आणि तो कुठल्या दिवशी घ्यायचा हे माझ्या हातात होतं. मला वाटतं या दोघांतला खरा फरक एवढाच आहे, तुमच्या हाताखालचं टूल कधी बदलणार हे ठरवतं कोण. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, तुम्ही मेनू दरवेळी वाचत असाल तर तुम्हाला हे कधीच होणार नाही. मी दिवसात शंभरेक वेळा परवानग्या देतो, मला ते जमत नाही, आणि जमायला हवं असंही वाटत नाही, कारण ते लक्ष मला कमांडवर हवंय.

मेनू निदान दिसतो तरी. सिस्टम प्रॉम्प्ट, म्हणजे टूल मॉडेलला आधीच देतं त्या सूचना, दिसतही नाही. ओपन सोर्स असल्यामुळे तो रेपोमध्येच (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्यात) असतो, गिट लॉगवर बघता येतो. त्यात एखादं वाक्य बदललं की टूलचा स्वभावच बदलतो, काल आधी प्लॅन सांगायचं ते आज थेट फाइल्सना हात घालतं, आणि रिलीज नोट्समध्ये ते कोणी जुनं काही मोडणारा बदल म्हणून लिहीत नाही. नाइटलीवर असताना मला कधीकधी वाटायचं की मॉडेल बिघडलंय, आणि बदललेला असायचा प्रॉम्प्ट. स्टेबलवर दोन आवृत्त्यांमधला त्या प्रॉम्प्टचा डिफ बघायला मला पाच मिनिटं लागतात, रोज कोण बघणार.

स्टेबलची बाजू मी घेतोय हे दिसतंच आहे, पण त्याच्याही अडचणी सांगायला हव्यात. टूल गोठवलं म्हणजे मॉडेल गोठत नाही, ते सर्व्हरवर असतं, कधी जुनं मॉडेल निवृत्त होतं आणि तुमच्या पिन केलेल्या (एकाच आकड्यावर थांबवलेल्या) आवृत्तीत तेच नाव डीफॉल्ट असतं, मग अपडेट करावंच लागतं. म्हणून सहा-सहा महिने एकाच आवृत्तीवर बसून राहणं मी कोणाला सुचवणार नाही. मी दोन-तीन आठवड्यांनी एकदा, शक्यतो आठवड्याच्या सुरुवातीला, हातात मोठं काम नसताना अपडेट करतो, नोट्स वाचतो, एका फेकायच्या फोल्डरमध्ये परवानगीचा मेनू मुद्दाम एकदा उघडून बघतो, मग कामाला लागतो.

आणि नाइटलीवरून परत यायचं असेल तर सेटिंग्जची फाइल आधी कॉपी करून ठेवा. सप्टेंबर 2025 मध्ये जेमिनी सीएलआयच्या सेटिंग्जची रचना सपाट होती ती गटागटांची झाली, जुनी फाइल नव्या रचनेत आपोआप बदलून देण्याची सोयही होती. पण अशी सोय पुढे जाताना असते. नव्या रचनेची फाइल जुन्या आवृत्तीला वाचता येईलच असं नाही. परवानग्यांची यादी वेगळ्या ठिकाणी राहत असेल तर तीही बघा, माझी ती 'कायम'वाली परवानगी आवृत्ती बदलल्यावरही तशीच बसलेली होती, हातानं काढावी लागली.

बग नोंदवायचे असतील, एखादं फीचर आत्ताच हवं असेल, कोड तुमचा एकट्याचा असेल, तर नाइटली घ्या, मी अडवणार नाही. एडरसारखं टूल असेल तर तिथे मला नाइटलीची भीती अजून कमी वाटते, कारण ते प्रत्येक बदलाचं वेगळं कमिट करतं आणि अंडूची (बदल मागे घ्यायची) कमांड हाताशी असते. फक्त शेल कमांडनं जे घडतं ते सगळंच अशा अंडूनं परत येईल असं धरून चालू नका. पण दुसऱ्या कोणाच्या रिव्ह्यूला जाणारा कोड असेल तर स्टेबल, तेही नेमका आकडा लिहून, नुसतं लेटेस्ट नाही, कारण लेटेस्ट हा एनपीएमवरचा (जावास्क्रिप्टची पॅकेजं जिथून घेतात तिथला) टॅग आहे आणि तो नव्या रिलीजबरोबर पुढे सरकतो. ऑटो-अपडेट बंद करायचं विसरू नका, नाहीतर आकडा लिहूनही उपयोग नाही.

माझ्याकडे सध्या दोन्ही आहेत. कामाच्या मशीनवर पिन केलेलं स्टेबल, आणि एका कंटेनरमध्ये (मशीनच्या आतल्या वेगळ्या बंदिस्त जागेत) नाइटली, वेगळ्या नावानं, टर्मिनलमधल्या टाइप करायच्या ओळीचा रंग लाल केलेला, म्हणजे कुठे आहे ते एंटर मारायच्या आधी दिसतं. बग दिसला की तिथे जाऊन तपासतो, नोंदवतो, बाहेर येतो. गेल्या आठवड्यात तिथल्या मेनूत पुन्हा एक ओळ वाढलेली दिसली, या वेळी ती 'नको'च्या खाली आहे.