जागतिक बँक की ब्रिक्सची बँक?

जागतिक बँक १९४४ च्या अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्स आर्थिक परिषदेतून आली आणि त्या काळचा तराजू तिथे अजून टांगलेला आहे. तिची घटना बदलायला ८५ टक्के मतं लागतात, आणि अमेरिकेकडे १५ टक्क्यांहून जास्त आहेत. म्हणजे नकाराधिकारच. अध्यक्ष वॉशिंग्टनच्या पसंतीचा. सध्याचे अजय बंगा पुण्यात जन्मलेले, पण नागरिक अमेरिकेचे.

ब्रिक्स या देशगटाची बँक म्हणजे शांघायमधली न्यू डेव्हलपमेंट बँक. ती २०१५ मध्ये उभी राहिली. ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका या पाच संस्थापकांना समान वाटा आणि नकाराधिकार कुणालाच नाही. चीनची अर्थव्यवस्था बाकी चौघांच्या बेरजेहून मोठी असताना हे मान्य झालं, हे विशेष. पहिले अध्यक्ष भारतीय बँकर के. व्ही. कामत. मुंबई मेट्रोलाही या बँकेने कर्ज दिलं.

पण २०२२ मध्ये युक्रेन युद्ध पेटताच याच बँकेने संस्थापक रशियातले नवे व्यवहार थांबवले. पैसा डॉलरच्या बाजारातून उभा करायचा तर पतमानांकन, म्हणजे कर्ज फेडण्याच्या क्षमतेचा दर्जा, सांभाळावंच लागतं!

कर्जाचा आवाका, अनुभव पाहिला तर जागतिक बँकच पुढे. मताची किंमत हवी असेल, तर भारताने शांघायमधली खुर्ची सोडू नये.