सहा मॉड केलेले पीएस२ आणि टेकन ५ : नऊ महिन्यांच्या स्पर्धांनंतर

ऑक्टोबरपासून नागपूरच्या धरमपेठेत एका मित्राच्या घरी महिन्यातून एक रविवार आम्ही टेकन ५ या मारामारीच्या व्हिडिओ गेमची स्पर्धा घेतो. सहा पीएस२ (सोनीचे प्लेस्टेशन २), सहा पिक्चर ट्यूबचे जुने टीव्ही. सहाही पीएस२ मॉड केलेले, म्हणजे कंपनीनं दिलं त्यापेक्षा वेगळं चालवायला बदललेले आहेत. "मॉड म्हणजे चीटिंगच ना भाऊ?" असं प्रत्येक नवीन पोरगा विचारतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

मॉड करायची वेळ डिस्क वाचणाऱ्या लेन्सनं आणली. टेकन ५ पीएस२ वर आला २००५ साली. आमची मशीन्स तेव्हापासून घासलेली, त्यात नागपूरची धूळ. आधीच्या एका स्पर्धेत सेमीफायनलचा पहिला गेम झाला आणि दुसरा लोड होताना मशीन डिस्कच वाचेना. सेट (दोघांमधला काही गेमचा सामना) दुसऱ्या मशीनवर नेला, त्यात दहा मिनिटं गेली, आणि पुढे असलेला पोरगा हरला. तो काही बोलला नाही, पण आम्हा आयोजकांना ते फार लागलं.

आता स्पर्धेत डिस्क फिरतच नाही. मशीन उघडून बसवायची मॉडचिप नाही, सोल्डरिंगही नाही. मेमरी कार्डवर फ्री मॅकबूट (बाहेरचे प्रोग्राम सुरू करू देणारं सॉफ्टवेअर), त्यातून डिस्कशिवाय गेम चालवणारा ओपन पीएस२ लोडर, आणि आमच्या मूळ डिस्कवरून काढलेली एकच इमेज, म्हणजे डिस्कची फाइलरूपी नक्कल, सगळीकडे. घेताना एक जपा: स्लिममधल्या (पीएस२ च्या नंतरच्या बारीक मॉडेलमधल्या) शेवटच्या ९०००० सिरीजच्या बऱ्याच मशीनवर फ्री मॅकबूट चालत नाही. बर्डीतल्या दुकानदारानं मला सांगितलं, "स्लिम सगळे सारखेच असते." मी मान डोलावून घेऊन आलो आणि ते मशीन घरी पडून राहिलं. खालचा स्टिकर वाचूनच पैसे द्या.

सुरुवातीला चार स्लिम मशीन्सना गेम नेटवर्कवरून, एका लॅपटॉपमधून देत होतो. सहा महिने मस्त चाललं. मग एप्रिलच्या रविवारी कोणीतरी कूलर लावायला एक्स्टेंशन बोर्डावरची एक पिन काढली. ती राउटरची होती. आधी गाणं अडकलं, मग चारही टीव्हींवरचं चित्र थिजलं, आणि खोलीत फक्त कूलरचा आवाज उरला. चार सेट परत खेळवावे लागले. यूएसबीचा पर्याय होता, पण पीएस२ चा यूएसबी १.१ म्हणजे फारच संथ. शेवटी दुसऱ्या मेमरी कार्डच्या खाचेत बसणारे एसडी कार्ड अडॉप्टर घेतले. उरलेल्या दोन जाड (जुन्या मॉडेलच्या) मशीन्समध्ये हार्ड डिस्क पहिल्यापासूनच आहे आणि त्यांनी एकदाही त्रास दिला नाही. लोडिंग स्लिमवर जरा रेंगाळतं. फाइट सुरू झाली की फरक जाणवत नाही.

या अडॉप्टरचा एक फायदा नंतर कळला. स्लिमची दुसरी खाच भरलेली असल्यामुळे कोणाला स्वतःचं मेमरी कार्ड लावताच येत नाही. जाड मशीन्सवर ती खाच आम्ही टेप लावून बंद केली. कारण फेब्रुवारीत वॉर्मअपला एका टीव्हीवर चक्क जिनपाची खेळताना दिसला. पीएस२ च्या टेकन ५ मध्ये तो बॉस, म्हणजे शेवटचा शत्रू आहे, खेळाडूला निवडता येत नाही; कोणीतरी स्वतःच्या मेमरी कार्डवरून चीट कोड लावला होता. पोरगा मजेतच करत होता, पण त्याच मशीनवर तासाभरात पहिला सेट होणार होता.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं: स्पर्धेसाठी मॉड करायचं ते सहाही मशीन एकसारखी ठेवायला. आपल्याकडची पीएस२ पाल या टीव्ही पद्धतीची, आणि पालचे बरेच गेम ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम (चित्रं) दाखवत चालतात. ६० वर एक फ्रेम १६.६७ मिलिसेकंदांची, ५० वर २० ची. टेकनमधला साधा दहा फ्रेमचा जॅब (झटपट ठोसा) ६० वर १६७ मिलिसेकंदांत लागतो. गेम नुसताच ५० वर उतरवला तर २००. एका टीव्हीवर हे आणि दुसऱ्यावर ते असेल तर हाताची सवय काय कामाची? एकच इमेज, तीही ६० वर, म्हटल्यावर हा वाद संपला.

निन्टेन्डोच्या सुपर स्मॅश ब्रदर्स मेली या फाइटिंग गेमचे खेळाडू हेच वेगळ्या कारणानं करतात. मॉड केलेल्या वी (निन्टेन्डोचं मशीन) वर ते यूसीएफ हा कंट्रोलरमधला फरक भरून काढणारा बदल लावतात, म्हणजे ज्याचा कंट्रोलर नशिबानं चांगला निघाला त्यालाच काही मूव्ह सोप्या जातील असं होत नाही. निन्टेन्डोनं २०२३ मध्ये आणलेल्या सामुदायिक स्पर्धांच्या नियमांत असे बदल चालत नाहीत. कंपनीची बाजू मला समजते, तरी यूसीएफला चीटिंग म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता स्पर्धेच्या दर रविवारी साडेनऊला सहाही मशीनवर लोडरची सेटिंग उघडतो: चीट बंद, व्हिडिओ मोड जबरदस्तीनं बदलणारं जीएसएम बंद, कंपॅटिबिलिटी मोड (गेम नीट चालावा म्हणून लोडरमध्ये असलेले पर्याय) सगळीकडे सारखे. ज्याला पाहायचं त्यानं शेजारी उभं राहून पाहावं. मागच्या महिन्यात ते सेमीफायनलवालं पोरगं आलं होतं. त्यानं तिसऱ्या मशीनवर मी न पाहिलेला एक मोड चालू असलेला दाखवला. जूनपासून तपासणीला त्यालाच सोबत घेतो.