फुल टाइम ग्राउंड की ग्राउंड प्लस डिग्री?

सकाळी साडेपाचला ग्राउंड, दहाला लेक्चरमध्ये डुलक्या आणि घरी आई विचारतेय पुढं काय. सेकंड इयरच्या प्रत्येक खेळाडूचं नाशकात हेच चाललंय.

फुल टाइम ग्राउंड म्हणजे डिग्री नावाला, सगळा जोर स्पर्धेवर. लागलं तर मोठंच लागतं, कविता राऊतनं 2010 च्या कॉमनवेल्थला 10,000 मीटरमध्ये ब्राँझ आणलं, चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ 2016 ला रोइंगमध्ये रिओला गेला. पण दत्तूचं नीट बघ, तो आधी आर्मीत लागला आणि वल्हं हातात धरलं ते तिथं गेल्यावर. आपली पोरं उलटं धरून बसतात, आधी मेडल मग नोकरी. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे खरं, पण त्याला ठरलेल्या पातळीची कामगिरी लागते, वर सर्टिफिकेटची पडताळणी, इंटरकॉलेजला नुसता भाग घेतल्याचा कागद तिथं कामाचा नाही.

आता दुसरं, म्हणजे दोन्ही. यात दमायला होतं, सीझनमध्ये इंटर्नल परीक्षा बुडते, सर टोमणे मारतात. तरी माझं मत याच बाजूनं. मी लाँग डिस्टन्स करायचो, हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, गेला तेव्हा तीन महिने घरी बसून कळलं की पळणं सोडून आपल्याला आपली ओळखच नाही राव, साधा बायोडेटा लिहिता येईना. अमेरिकेत मर्फी, पेटिटपास आणि ब्रूअर यांनी 1996 ला कॉलेज खेळाडूंचा अभ्यास केला त्यातही असंच निघालं, जे स्वतःला फक्त खेळाडूच मानत होते आणि दुसरा रस्ता चाचपलाच नव्हता त्यांची करिअरची तयारी कच्ची होती. आळशी नव्हती ती पोरं, जोर सगळा एकाच टोपलीत.

पोलीस भरती धरायची तरी ग्राउंड 50 मार्कांचं, लेखी 100 ची, 1600 मीटर कितीही उडवलंस तरी गणित आणि मराठी व्याकरण कोण करणार?

बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची डिग्री, हा तिसरा रस्ता, शिकवायची आवड असेल तरच.

नॅशनलला मेडलच्या जवळ असशील तर एक वर्ष फुल टाइम दे, पण थांबायची तारीख घरी सांगून. नसशील तर सुट्टीत अंबड नाहीतर सातपूर एमआयडीसीत एखादी इंटर्नशिप बघ, आणि त्याआधी सगळी सर्टिफिकेटं घेऊन जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा, यातलं आरक्षणाला चालतं कुठलं ते विचारून ये.