कीटकसंग्रहासाठी लाकडी पेटी घ्यावी की हवाबंद डबा?

कृषी महाविद्यालयात अभ्यासक्रमासाठी कीटक जमवणाऱ्या विद्यार्थ्यासमोर साठवणीचे साधारण दोन पर्याय असतात : काचेच्या झाकणाची लाकडी पेटी, किंवा झाकणाला रबराची कड असलेला, स्वयंपाकघरातला हवाबंद प्लास्टिकचा डबा. पेटी महाग पडते, पण संग्रह मांडून दाखवायचा असेल तर तिला तोड नाही. नुसते जतन करायचे असेल आणि हात आखडता असेल, तर माझ्या मते डबाच घ्यावा.

स्वस्त पेटीचे लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि झाकणाशी फट पडते. तेवढ्या वाटेने अँथ्रेनससारखे बारीक भुंगेरे आत शिरतात. त्यांच्या केसाळ अळ्या नमुने पोखरत असल्याचे बहुधा टाचणीखाली भुकटी साचल्यावरच ध्यानात येते. डांबरगोळ्या त्यांना काहीसे दूर ठेवतात, परंतु आत शिरलेल्या अळ्यांचा त्या खात्रीने नायनाट करत नाहीत, शिवाय त्यांची वाफ माणसालाही अपायकारक असते. लहान डबा मात्र पिशवीत घट्ट बांधून घरच्या फ्रीजरमध्ये, उणे 18 अंश सेल्सिअसला, दोन आठवडे ठेवता येतो. बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, अन्यथा नमुन्यांवर पाणी धरते.

डब्याचा दोष असा, की अर्धवट वाळलेला कीटक आत ठेवला तर ओल तिथेच कोंडते आणि बुरशी येते. कोकणातल्या पावसाळ्यात तर नमुने पूर्ण सुकवून, सोबत सिलिका जेलची पुडी ठेवूनच झाकण लावावे, आणि जेल ओल धरून निकामी झाले की ते बदलावे.

तळाला थर्माकोल स्वस्त पडतो. पण त्यात टाचण्या लवकर सैल होतात आणि डांबरगोळी टेकली तर तो विरघळू लागतो. पॉलिथिलीनचा घट्ट फोम त्याहून टिकाऊ. पेटीवरचे वाचलेले पैसे स्टेनलेस स्टीलच्या टाचण्यांवर घालावेत, कारण पितळी टाचणीवर कीटकाच्या अंगातील स्निग्धांशामुळे हिरवा थर चढतो आणि नमुना फुटू शकतो.

फुलपाखरे व चतुर केवळ अभ्यासासाठी ठेवायचे असतील, तर पंख मिटून कागदी पाकिटांत ठेवल्यास थोड्या जागेत बरेच मावतात. ती पाकिटेही अर्थात डब्यातच ठेवावीत. मावा आणि अळ्या यांसारख्या मऊ शरीराच्या कीटकांना पेटी आणि डबा दोन्ही निरुपयोगी. त्यांच्यासाठी 70 टक्के अल्कोहोलची घट्ट बुचाची कुपीच हवी.